कीबोर्ड गेलाय की सेटिंग गंडलंय? लिनक्सच्या टर्मिनलवरून असं तपासा

एखादं बटण दोनदा उमटायला लागलं किंवा टचपॅडने मान टाकली की पुण्यातला माणूस थेट तापकीर गल्ली गाठतो, आणि दुकानवाला काय, नवीनच घ्या म्हणणार, त्याचं काय जातंय. त्याआधी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि थोडा वेळ द्या, कारण निम्म्या वेळा वस्तू धडधाकट असते. नळाला पाणी नसलं तर आपण आधी टाकीत पाणी आहे का बघतो, लगेच नळ नाही बदलत, तसंच इथे मुळापासून पुढे यायचं: आधी कर्नल (लिनक्सचा गाभा, बटण दाबलेलं पहिल्यांदा त्याला कळतं), मग लिबइनपुट (कीबोर्ड-टचपॅडच्या हालचालींचा अर्थ लावणारा भाग), मग लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर), आणि शेवटी अ‍ॅप. लोक नेमकं उलटं करतात, आधी सेटिंग बदलत बसतात आणि मग मूळ काय होतं तेच कळत नाही.

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्लिश अक्षरांत टाइप करायच्या. उबुंटू किंवा डेबियन असेल तर आधी हे टाकून घ्या, सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालव:

सुडो एपीटी इन्स्टॉल ईव्हीटेस्ट एक्सइनपुट लिबइनपुट-टूल्स एक्स११-युटिल्स

आता पहिली आणि सगळ्यात कामाची कमांड, सुडो ईव्हीटेस्ट, कर्नलला काय दिसतंय ते ही दाखवते. सुडो विसरलात तर यादी रिकामी येते आणि माणूस उगाच घाबरतो. यादीतून आपल्या कीबोर्डचा नंबर द्यायचा आणि संशयित बटण एकदाच, शांतपणे दाबायचं. दाबलं की व्हॅल्यू १, सोडलं की ०, आणि दाबून धरलं तर २ येत राहतो, तो ऑटोरिपीट, त्यात काही बिघाड नाही. प्रत्येक ओळीला वेळही छापलेली असते आणि खरी गंमत तिथे आहे. तुम्ही एकदाच दाबलंय आणि तिकडे १, ०, परत १, ० असं आलं, मधलं अंतर वीस-तीस मिलिसेकंदाचं, तर तो स्विचच गेलाय, कारण इतक्या पटकन कुणाचं बोट दोनदा पडत नाही. अशा वेळी मात्र दुकानात जा बिनधास्त. तोपर्यंत वेळ मारून न्यायची तर ग्नोम डेस्कटॉपच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत बाउन्स कीज आहे, पटकन दुसऱ्यांदा आलेलं तेच बटण ते सोडून देतं, ते चालू करा. माउसच्या बटणाचं असं झालं तर बऱ्याचदा लिबइनपुटच ते गाळून टाकतं, म्हणून ईव्हीटेस्टमध्ये दोनदा दिसतं आणि प्रत्यक्षात क्लिक एकच होतो.

आणि ईव्हीटेस्टमध्ये काहीच उमटलं नाही तर पुढचं काहीही करून उपयोग नाही, केबल बदला, पोर्ट बदला. सुडो डीमेसेज (स्पेलिंग डी एम ई एस जी) डॅश डब्ल्यू चालू ठेवून केबल काढून परत लावली तर कर्नलला वस्तू दिसतेय का ते तिथल्या तिथे कळतं.

एक सांगून ठेवतो, ईव्हीटेस्ट चालू असताना पासवर्ड टाइप करू नका, एकेक अक्षर स्क्रीनवर छापलं जातं. मदत मागताना तो आउटपुट ग्रुपवर टाकणारे महाभाग असतात.

पुढची पायरी, सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स. टचपॅडसाठी ही बरी, बोट फिरवलं की पॉइंटर मोशन, दोन बोटांनी सरकवलं की स्क्रोल, असं समोर दिसतं. टॅपने क्लिक होत नाही ही तक्रार तर कायमची, पण लिबइनपुटमध्ये टॅपिंग मुळात बंदच असतं, टचपॅड बिचारं ठीक असतं.

ते चालू करण्याआधी एक बघा, स्क्रीन आणि इनपुट सांभाळायला तुमच्याकडे जुनं एक्स११ आहे की नवं वेलँड:

एको डॉलर एक्सडीजी_सेशन_टाइप

एको सोडून बाकी सगळं कॅपिटल, आणि डॉलर म्हणजे चिन्ह, त्याच्यापुढे स्पेस नाही. उत्तर एक्स११ आलं तर एक्सइनपुट वापरायचं, वेलँड आलं तर एक्सइनपुटच्या नादी लागू नका, तिथे एक्सवेलँडची (वेलँडवर जुनी एक्स११ ची अ‍ॅप चालवणारा भाग) नुसती खोटी डिव्हाइस दिसतात आणि बदल केले तरी फरक पडत नाही. वेलँडवर ग्नोम असेल तर जीसेटिंग्ज ही कमांड किंवा सरळ सेटिंगची खिडकी.

एक्स११ वाल्यांनी एक्सइनपुट लिस्ट करायचं, मग एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स आणि पुढे डिव्हाइसचं नाव. त्यात सगळी प्रॉपर्टी आताच्या किमतीसकट दिसते. मग:

एक्सइनपुट सेट-प्रॉप "टचपॅडचं नाव" "लिबइनपुट टॅपिंग एनेबल्ड" १

पॉइंटर फार पळत असेल तर "लिबइनपुट अ‍ॅक्सेल स्पीड", किंमत उणे १ ते १ च्या मध्ये. नंबर वापरू नका, नावच वापरा, कारण केबल काढून लावली की नंबर बदलतो. कीबोर्डचा रिपीट वेगळाच आहे, एक्ससेट आर रेट २५० ४०, म्हणजे २५० मिलिसेकंद थांबून मग सेकंदाला ४० अक्षरं.

आता मराठी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि शिव्या कीबोर्ड खातो. एक्स११ वर दोन लेआउट असे लावायचे:

सेटएक्सकेबीमॅप डॅश लेआउट यूएस,इन डॅश ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल

ऑल्ट शिफ्टने इंग्लिश-मराठी बदलतं. हा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट, ज्याच्या सुधारित आवृत्तीमागे आपल्याच पुण्यातलं सीडॅक ही सरकारी संगणक संस्था आहे. लागलाय का ते सेटएक्सकेबीमॅप डॅश क्वेरीने बघा. ऑप्शन पुन्हा पुन्हा दिलेत तर ते साठत जातात, त्यामुळे काहीतरी विचित्र व्हायला लागलं तर आधी रिकामा ऑप्शन देऊन सगळे पुसा.

मग एक्सईव्ही चालवा, दाबलेल्या बटणाचं कुठलं अक्षर झालं ते ही दाखवते, छोटी पांढरी खिडकी येते, तिच्यावर क्लिक करून मराठीवर जा आणि शिफ्ट आणि एन दाबा, ळ आला पाहिजे. हेच बटण ईव्हीटेस्टमध्ये दाबलंत तर तिथे की एन, कोड ४९ एवढंच येतं, मराठी लेआउट चालू असला तरी, कारण कर्नलला मराठी-बिराठी काही माहीत नाही, त्याला फक्त बटण कळतं. एक्सईव्हीत तोच कोड ५७ दिसेल, एक्समध्ये ८ वाढवून येतो, दचकू नका. म्हणजे ४९ येतोय, ५७ पण येतोय आणि ळ येत नाही, तर लेआउट बघा. एक्सईव्हीत ळ आलाय आणि तुमच्या एडिटरमध्ये चौकोन दिसतोय तर तो फॉन्टचा प्रश्न. तसंच "दऱ्या" लिहिताना "दर्या" होतंय अशी तक्रार असते, तिथे जे च्या बटणावर शिफ्ट दाबून ऱ घ्यायचा, मग डी ने हलंत, मग य. शिफ्ट न दाबता र घेतला की रफार होतो, यात ना कीबोर्डचा दोष ना फॉन्टचा.

एक्स११ वर कमांडने केलेलं हे सगळं रीस्टार्ट केलं की उडतं. गुरुवारी लाइट गेली की डेस्कटॉपवाल्यांना कळेलच. त्यामुळे जमलेल्या कमांड होममधल्या डॉट एक्सप्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये टाकून ठेवा, लॉगिनला आपोआप चालतात. सगळ्या युजरसाठी हवं असेल तर ईटीसी एक्स११ मधल्या एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये इनपुटक्लास सेक्शन लिहायचा, पण घरच्या मशीनला एवढी उठाठेव नको.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड खराब आहे आणि बाहेरचा लावलाय, तर आतला एक्सइनपुट डिसेबलने बंद करता येतो. फक्त चुकून दुसऱ्याच कीबोर्डचं नाव दिलंत तर परत चालू करायला टाइप कशाने करणार, म्हणून पहिल्यांदा डिसेबल, सेमिकोलन, स्लीप २०, सेमिकोलन, एनेबल असं एकाच ओळीत लिहून एंटर मारा. वीस सेकंदांत बघून घ्या बरोबर तोच बंद झालाय ना, मग कायमचा करा.