परराष्ट्रांविरुद्धची भविष्यवचने वाचताय? या चुका टाळा

यशया १३ ते २३, यिर्मया ४६ ते ५१, यहेज्केल २५ ते ३२. बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांतले हे अध्याय आले की बरेच वाचक पाने उलटतात. मवाब, अदोम, अम्मोन ही इस्राएलच्या शेजारी राष्ट्रांची नावे ओळखीची नाहीत, आणि शिक्षेमागून शिक्षा वाचून कंटाळाही येतो. पण अडचण बहुतेकदा वाचण्याच्या पद्धतीत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे शब्द त्या परक्या राजांसाठीच होते असे धरून चालणे. यिर्मया २७ मध्ये यरुशलेमला आलेल्या दूतांबरोबर शेजारच्या राजांना खरोखर निरोप धाडलेला दिसतो. पण एरवी ऐकणारे घरचेच होते. आमोस बघा. इ.स.पू. आठव्या शतकात हा दक्षिणेच्या यहूदा राज्यातला मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलतो. दिमिष्क (दमास्कस), गज्जा (गाझा), सोर (टायर हे बंदर), अदोम, अम्मोन, मवाब अशी एकेका शेजाऱ्याची झडती घेतो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील. मग यहूदाचे नाव येते, आणि शेवटी खुद्द इस्राएलचे: तुम्ही गरिबाला पायातल्या एका जोड्यासाठी विकता! म्हणून पहिला अध्याय वाचून थांबू नका, दुसरा संपवाच. मवाबचा गुन्हाही नीट पाहा. त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळली. यात इस्राएलचे काहीच बिघडले नव्हते, तरी हिशेब मागितला जातो. ‘हा सगळा शत्रुद्वेष’ हा शेरा इथेच लंगडा पडतो.

दुसरी चूक, खरे झाले की नाही एवढेच तपासत बसणे. अश्शूरची राजधानी निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये पडली, तिथे ताळा सहज जमतो. सोरपाशी मात्र अडते. यहेज्केल २६ म्हणतो, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर ते शहर लुटेल. २९व्या अध्यायात तोच संदेष्टा सांगतो की सैन्याच्या डोक्यांना टक्कल पडले, खांदे सोलले, पण हाती काही लागले नाही. मोबदला म्हणून मिसर (इजिप्त) मिळेल. बेटावरचे सोर पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात भराव घालून जिंकले. मला विशेष वाटते ते हे, की दोन्ही मजकूर एकाच ग्रंथात तसेच राहू दिले आहेत.

बाबेल म्हणजे आजचा अमुक देश, ही जोडणी करूच नका. आणि शिक्षेवर थांबू नका: यिर्मया ४८ चा शेवट मवाबला पुन्हा उभे करण्याच्या वचनाने होतो, तर यशया १९ मध्ये परमेश्वर मिसरला ‘माझे लोक’ म्हणतो.

संदर्भ जुळत नसतील तर ग्रंथ कोणत्या परंपरेचा आहे ते पाहा. यिर्मयाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ही वचने पुस्तकाच्या मध्यावर आहेत आणि क्रमही निराळा. हिब्रूतला मवाबचा ४८वा अध्याय तिथे ३१वा असतो.