शिकेकाईची पूड नको, काढा करा

शिकेकाईची पूड थेट डोक्याला चोळली की ती केसांत अडकून बसते आणि काढायला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं. त्यापेक्षा अख्ख्या शेंगांचा काढा कितीतरी सोयीचा. सात-आठ शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि मूठभर आवळकाठी लिटरभर पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळून घ्या. गाळण्यात आळस करू नका, सगळी मेख तिथेच आहे.

रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन हे साबणासारखा फेस करणारं द्रव्य असतं, त्याने मळ निघतो. फेस शॅम्पूइतका येत नाही, पण म्हणून रिठे वाढवू नका, केस राठ होतात. आदल्या रात्री तेलही बेतानेच लावा. थबथबलेलं तेल या काढ्याने एका धुण्यात निघत नाही. लोखंडी कढईत उकळलात तर आवळ्यामुळे काढा काळा होतो आणि टॉवेलला डाग पडतात. नेहमीच्या नहाणाला स्टीलचं पातेलंच बरं.

धुताना डोळे घट्ट मिटा, रिठा फार झोंबतो. लहान मुलांना तर हा काढा नकोच. पहिल्यांदा वापरणार असाल तर कानामागे थोडा लावून एक दिवस थांबा. खाज सुटली किंवा त्वचा लाल झाली तर नाद सोडा. उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, वास बदलला की ओतून टाका.