इंदूरला पत्रकारिता शिकताय? मग या चुका टाळा

देवी अहिल्या विद्यापीठात नाहीतर भोपाळला माखनलाल चतुर्वेदीमध्ये अ‍ॅडमिशन झाली की पोरं थिअरीच्या नोट्स जमवायला लागतात आणि बातमी लिहायची ती फक्त असाइनमेंटपुरती, बाकीचं इंटर्नशिपमध्ये शिकू म्हणतात. असं करू नका हो. पहिल्याच वर्षी एक बीट, म्हणजे कायम बातम्या करायचं एक ठरलेलं क्षेत्र, धरा, नगर निगम, एमवाय हॉस्पिटल, काहीही, आणि दर आठवड्याला स्वतः फिरून एक बातमी लिहा, छापून येवो न येवो.

प्रेसनोट आली की इंट्रो, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, बदलून तीच बातमी म्हणून द्यायची, ही सवय तर लागूच देऊ नका. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय त्यामुळे त्या विषयावर तयार मजकूर भरपूर मिळतो, पण सकाळी तुमच्या गल्लीत कचरागाडी येते ना, तिच्यावरच्या ताईंशी बोललात का कधी? हातमोजे मिळतात का, पगार वेळेवर होतो का, विचारा. मग कागद मागा. आरटीआयची, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाची, फी 10 रुपये आहे आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. इथे बहुतेकांचं गाडं अडतं ते प्रश्नामुळे. “रस्ता इतका खराब का आहे” असं विचारलं तर हाती काही लागत नाही, कारण आरटीआयमध्ये ऑफिसकडे असलेली माहिती मिळते, खुलासे नाही. “अमुक रस्त्याची वर्कऑर्डर आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती द्या” असं लिहा, रस्त्याचं नाव आणि कोणत्या वर्षाची बिलं तेही टाका.

व्हिडिओत सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागतात आणि आवाज वाया जातो. राजवाड्यावर बाइट, म्हणजे कुणाची कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, घेताय तर कॉलर माइक लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि समोरचा माणूस जायच्या आत हेडफोन लावून ऐकून घ्या, नंतर तो परत सापडत नाही. टायपिंगचंही तसंच, कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली कॉपी वेबसाइटवर पेस्ट केली की सगळी गिचमिड दिसते, म्हणून युनिकोडचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत्ताच हातात बसवा.

आणि घरी मराठी बोलतो म्हणून हिंदी डेस्कवर आपण कमी पडू ही भीती मला अजिबात पटत नाही! माधवराव सप्रेंनी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, बाबूराव पराडकरांनी काशीला ‘आज’ हा हिंदी पेपर चालवला, आणि आपल्याच इंदूरला ‘नईदुनिया’ या हिंदी पेपरचे संपादक राहुल बारपुते होते, सगळी मराठी माणसं. फक्त पुण्या-मुंबईत जायचं असेल तर घरच्या मराठीवर भागत नाही, रोज एक मराठी पेपर वाचा आणि आठवड्यातली ती एक बातमी मराठीतही लिहून ठेवा, म्हणजे इंटरव्ह्यूला दाखवायला दोन्ही भाषांतलं काम हाताशी राहील.