लाकडी क्लॅरिनेट नवं असताना

प्लास्टिकच्या क्लॅरिनेटवर दोन-तीन वर्षं काढून तुम्ही आता लाकडीकडे वळताय, असं धरून लिहितेय. जोडणी, रीड बांधणं, बोटं हे सगळं तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. तरी पहिल्याच आठवड्यात मी माझ्या वाद्याला तडा पाडला.

क्लॅरिनेटची पेटी रात्रभर थंड खोलीत होती. सकाळी जोडलं आणि आनंदाच्या भरात सलग तीन तास वाजवलं. पुढचे दिवसही तसेच. चौथ्या दिवशी वरच्या तुकड्यावर, ट्रिल कीच्या (दोन सुरांत झटपट ये-जा करायच्या कळीच्या) भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. मी ती ओरखडा समजले आणि वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी ती बोटभर लांब झाली होती.

असं का होतं ते नीट समजून घ्या. क्लॅरिनेट ज्याचं बनतं ते ग्रेनाडिला इतकं घट्ट लाकूड आहे की पाण्यात बुडतं, पण ओल तेही शोषतंच. आपला श्वास उबदार आणि ओलसर. नळीचा आतला थर ती ओल पिऊन फुगतो. बाहेरचा अजून थंड आणि कोरडा असतो. आतून रेटा वाढतो, बाहेरच्याला ताणायला जागा नसते, मग लाकूड उभ्या रेषेत फाटतं. भोकांजवळ मुळातच लाकूड कमी, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच.

म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाला १५-२० मिनिटंच. नंतर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा. वाजवण्याआधी वरचा तुकडा आणि बॅरल (मुखपट्टी आणि वरचा तुकडा यांमधला आखूड भाग) काखेत धरून उबदार करा. गार वाद्यात फुंकर मारून ते गरम करू नका. नेमकं उलट होतं. मध्ये एकदा आणि शेवटी नळीतून फडकं ओढा. सांध्यांच्या कडा आणि खोबणी वेगळ्या पुसा, पाणी तिथेच साचतं. सांधा फुगून अडकला तर जोर लावू नका, थोडा वेळ सुकू द्या. पेटीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा.

आत तेल लावलं की तडा जात नाही, असं सांगणारे भेटतील. कारागिरांचंही यावर एकमत नाही. मला तो आळशी उपाय वाटतो: तेल पॅडवर (कळीखालच्या, भोक बंद करणाऱ्या गादीवर) गेलं की पॅड खराब, आणि १५ मिनिटांची शिस्त तेवढी सुटते. शिक्षकांबद्दलही स्पष्टच सांगते. जे फक्त सूर ऐकतात आणि तुमची पेटी कधी उघडून बघत नाहीत, त्यांच्याकडून नव्या वाद्याचं काही शिकायला मिळत नाही. माझ्या नंतरच्या शिक्षकांनी सूर ऐकण्याआधी बॅरलला हात लावून पाहिला.

आणि तडा गेलाच, तर रडू नका. ताबडतोब वाजवणं थांबवा आणि कारागिराकडे न्या. बारीक तडे चिकटवता येतात, मोठ्यांना आडव्या पिना किंवा कडं घालतात. माझं क्लॅरिनेट तसंच सांधलेलं आहे आणि आवाजात मला फरक जाणवत नाही. परत आल्यावर मी पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू केलं.