बाळंतपणाची बॅग भरताना या चुका टाळा: भरणारी एक, उघडणार दुसरंच

माझी बॅग ३६व्या आठवड्यातच भरून तयार होती. कोरेगावला, माहेरी, पलंगाखाली. पहाटे तीनला पाणी गेलं, साताऱ्याला पोचलो आणि सिस्टरनी पहिलाच प्रश्न केला, "फाइल कुठंय?" फाइल पुण्याला, नवऱ्याच्या कपाटात! त्यानं रिपोर्टचे फोटो पाठवले, त्यातले निम्मे हललेले. रक्ताच्या तपासण्या परत झाल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, त्यामुळं ही चूक घरोघरी होते. माहेरी निघतानाच फाइल सोबत घ्या. सोनोग्राफीचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, पासबुकच्या झेरॉक्स. रक्तगटाचा कागद सगळ्यात वर. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं. माता-बाल संरक्षण कार्डही जपा, बाळाच्या लसी त्यातच लिहितात.

दुसरी चूक माझ्या हुशारीची. सगळं एकाच मोठ्या बॅगेत, सुबक घड्या घालून. पण बॅग उघडायची वेळ आली तेव्हा मी आत टेबलावर, आणि बाहेर आई चष्मा विसरून आलेली. "बाळाला गुंडाळायला कापड द्या," म्हटल्यावर तिनं माझा परकर दिला. म्हणून तीन वेगळ्या पिशव्या करा: कळांच्या वेळची, बाळाची, नंतरची. वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा, आणि जी बाई सोबत येणार तिच्याच हातानं एकदा भरून घ्या.

बाळाच्या पिशवीत नवीकोरी झबली नकोत. दुकानातली खळ आणि लेबल नाजूक अंगाला टोचतात, कपडे आधी धुऊन वाळवा. "आधी खरेदी केली तर दृष्ट लागते," असं घरात कुणी म्हणत असेल तर वाद घालू नका; आजीचं जुनं सुती लुगडं फाडून, धुऊन दुपटी होतात, आणि ती विकतच्यापेक्षा मऊ असतात. टोपडी दोन-तीन, लंगोट भरपूर. पावसाळ्यातली तारीख असेल तर दुप्पट, कारण आपल्याकडं जुलैत फडकं दोन दिवस वाळत नाही. मध, गुटी, काजळाची डबी मात्र घरीच ठेवा. बाळाला पहिल्या तासाभरात आईचं दूध, बाकी चाटण काही नको.

आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, गडद रंगाचे परकर, न घसरणारी चप्पल, थर्मास, वाटी-चमचा. डिंकाचे लाडू पहिल्या दिवशी कुणी खात नाही, मागून आणा. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या हौसेनं तशाच हातात राहतात, मग सलाइन लावताना आणि सिझरच्या आधी काढाव्या लागतात. दागिने आणि नेलपेंट घरीच उतरवा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला नेलपेंटमुळं नीट दिसत नाही.

वाटेत "अंगात ताकद पाहिजे" म्हणून शिरा भरवणारी एक मावशी असतेच. सिझर लागलं तर पोट भरलेलं असणं धोक्याचं, म्हणून आधी डॉक्टरांना फोन करून विचारा.

गाडीचं आधी ठरवा. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी फुकट असते, तातडीला १०८. दोन्ही नंबर, डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. माझा फोन नेमका त्या पहाटे चार टक्क्यांवर होता.

आणि पाणी हिरवट किंवा लालसर गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर बॅग तिथंच राहू द्या आणि निघा. मागून कुणीही मोटरसायकलवर आणून देतं. माझ्या भावानं फाइल पुण्याहून तशीच आणली, सकाळी नऊला. तोवर लेक दूध पिऊन झोपली होती, माझ्याच परकरात.