बुन्युएल बघायचाय? मग सुरुवात इथून करा

परवा प्रभात रोडला चहा पिताना एक मैत्रीण म्हणाली, लुइस बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाचा पिक्चर लावला आणि दहा मिनिटांत बंद केला, डोक्यावरून गेला. तिने लावला होता 'अन शिएन अँदालू', १९२९ चा, ज्यात वस्तऱ्याने डोळा चिरतात (डोळा वासराचा होता). बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि तिथेच सोडून देतात. म्हणून तो आधी नको.

आधी 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल' बघा, १९६२ चा, जेमतेम दीड तासाचा आहे. श्रीमंत लोक जेवायला जमतात आणि नंतर कोणालाच त्या खोलीतून बाहेर पडता येत नाही. दार उघडं आहे, कुलूप नाही, कोणी अडवत नाही, तरी उंबऱ्यापर्यंत येतात आणि परत फिरतात, दिवसच्या दिवस जातात, पाण्यासाठी भिंत फोडून पाइप काढतात. का अडकलेत हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही आणि ते शोधत बसूही नका. पाहुणे घरात शिरतात तो प्रसंग दोनदा येतो, फाइल खराब नाहीये, तो तसाच आहे.

बघताना दोनच गोष्टी करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पिक्चर संपला की लगेच चर्चा नको, आधी प्रत्येकाने आठवतील ती तीन चित्रं कागदावर लिहा, अर्थ नाही, फक्त काय दिसलं ते. आम्ही चौघं कर्वेनगरला असं करतो आणि दर वेळी एकाला दिसलेलं बाकी तिघांच्या लक्षातच आलेलं नसतं.

आता १९२९ चा लावा. बुन्युएलला स्वप्नात चंद्र कापणारा ढग दिसला होता, त्याचा मित्र, चित्रकार साल्वादोर दालीला मुंग्यांनी भरलेला हात, त्यावरून दोघांनी ते लिहिलं, आणि नियम एकच, ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल असं काही ठेवायचं नाही. हे माहीत असलं की तो पिक्चर फार सोपा होतो.

मग मेक्सिकोतला 'लॉस ऑल्विदादोस', १९५०. रस्त्यावरच्या पोरांची गोष्ट, अगदी खरी, आणि मधेच एका पोराच्या स्वप्नात आई कच्चं मांस हातात धरून येते. माझ्या मते बुन्युएलचं सगळ्यात मोठं काम हेच. ऑस्कर मिळालेला १९७२ चा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी' नंतर कधीही बघा, चालेल.

'नाझारिन' मात्र शेवटी ठेवा आणि आवाज मोठा करून बघा. स्पेनमधलं कालांदा हे बुन्युएलचं गाव, तिथे गुड फ्रायडेला दुपारपासून अख्खं गाव ढोल बडवतं, हात रक्ताळेपर्यंत. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस ऐकलेल्या माणसाला छातीत काय होतं हे वेगळं सांगायला नको. पिक्चरच्या शेवटी शिपायाबरोबर चाललेल्या पाद्रीला एक बाई अननस देते, तो आधी नको म्हणतो, मग घेतो, आणि तेच ढोल सुरू होतात.