लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवताना

गोष्ट मुलाला वाचून दाखवण्यापूर्वी आपण ती एकदा मनात वाचून घ्यावी, म्हणजे कोठे थांबायचे, कोणाचा आवाज जाड काढायचा आणि कोठे कुजबुजायचे हे आधीच ठरते. मुलाला असे बसवावे की चित्र आणि आपला चेहरा दोन्ही त्याला दिसतील.

वाचण्याची गती बोलण्यापेक्षा कमी ठेवावी. पान उलटण्याआधी क्षणभर थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारावे आणि उत्तर चुकले तरी ते खोडून न काढता पुढचे पान मुलालाच पाहू द्यावे. ‘धाडकन’, ‘डराव डराव’ असे शब्द त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात ते आपल्या आधीच म्हणू लागते, म्हणून तेच पुस्तक पुन्हा मागितले तर कंटाळू नये.

सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. अशा घरी पुस्तकातले मराठी वाक्य वाचून मधल्या गप्पा घरच्या भाषेत करण्यास मुळीच संकोच बाळगू नये. गोष्टीत तळे आले तर सिद्धेश्वर तलावाची, जत्रा आली तर जानेवारीतल्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची आठवण काढावी. गड्ड्यातल्या पाळण्यात बसून आलेले मूल त्या पानावर स्वतःहून बोलू लागते.

2 ते 3 वर्षांच्या मुलाला 5 ते 10 मिनिटे पुरतात. ते मध्येच उठून गेले तर ओढून बसवू नये. पुस्तक मात्र त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावे.